सर, पोर्शन अजून बाकी आहे

हावळे सर,

तुमचा वर्ग माझ्याकडे आला आहे. तुमच्या तेराव्यानंतर कॉलेज उघडलं, तर विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बिराजदार मॅडम, सेकंड इयरचं इलेक्ट्रिकल मशीन्स आता तुम्हीच घ्या. दुसरं आहे कोण?" मी हो म्हणून मोकळी झाले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर लक्षात आलं की तुमचा पोर्शन निम्मासुद्धा झालेला नाही आणि परीक्षा तोंडावर आली आहे. मग तुमचा असा राग आला म्हणून सांगू. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलात, सर. असं कुणी करतं का?

शोकसभा रीतसर झाली. विद्यार्थिप्रिय, हाडाचे शिक्षक, साधी राहणी, सगळं म्हणून झालं. तुम्ही हट्टी होता हे कुणी म्हणालं नाही. इतक्या वर्षांत एकदाही वेळेवर पोर्शन संपवला नाही, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका कपाटात तशाच पडून असायच्या, वर्गात शिरलात की घंटा ऐकू यायची नाही, हेही कुणी म्हणालं नाही. मला बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलले आणि बसले. मला जे बोलायचं होतं ते सभेतल्या लोकांशी नव्हतंच.

मी उमरग्याहून नवीन आले होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तुमची रीत होती, विभागात नवं माणूस आलं की एकदा त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचं. मला ते ठाऊक नव्हतं. माझं फळ्यावरचं अक्षर चांगलं, पाठांतर चोख, आकृत्या तर अशा काढायची की पोरं मोबाइलवर फोटो घ्यायची. त्या दिवशीही फळा भरून टाकला. शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, आता हे भूमचे म्हातारे सर आपलं कौतुक करणार. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "मॅडम, शिकवलं लई चांगलं. पोरांना काय समजलं?"

मी म्हणाले, "सगळ्यांनी माना हलवल्या की, सर."

"नंदीबैलबी हलवतंय मान."

मला संताप आला होता. घरी फोन करून आईला सांगितलं की इथं एक खवट माणूस आहे, माझं ह्याच्याशी जमायचं नाही. आई कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, जमवून घे गं, पहिलीच नोकरी आहे. जमलं मात्र कधीच नाही. रोज भांडणं व्हायची आणि रोज चहा एकत्र व्हायचा.

तुमच्या त्या मोटरच्या प्रश्नानं तर माझं डोकं उठवलं होतं. सेकंड इयरच्या वर्गात तुम्ही ओहमचा नियम विचारलात. झोपेतून उठवलं तरी सांगतील अशी पोरं. व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो, एका सुरात सांगितलं. मग तुम्ही सहज विचारल्यासारखं केलंत, "गावाकडं विजेचा दाब कमी आला की विहिरीवरची मोटर काय करती रे?" तेही एका सुरात आलं. जळती, सर. का जळती? करंट वाढतो, सर. ह्या जिल्ह्यात जळलेली मोटर भरायला नेली नाही असं एक घर सापडायचं नाही, त्यामुळं कुणाला विचार करायची गरजच पडली नाही. तुम्ही दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलीत आणि खडू ठेवून दिलात. व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो.

पोरं एकदा ह्या ओळीकडे, एकदा त्या ओळीकडे बघू लागली. शेवटी परंड्याकडचं एक पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं, "सर, त्यो नियम परीक्षेचा हाय. ही मोटर शेतातली हाय."

सगळा वर्ग हसला. मी दारात उभी होते, मीसुद्धा हसले. तुम्ही हसला नाहीत. स्टाफरूममध्ये येऊन गार झालेला चहा तसाच प्यायलात आणि म्हणालात, "मॅडम, घोडं कुठं अडलंय ते आज कळलं. पोरांच्या डोक्यात दोन खोल्या हायत. एकीत शाळंतलं, एकीत घरचं. मधी दारच न्हाय. आपुन रोज जातो आन् शाळंतल्या खोलीत अजून चार पोती टाकून येतो."

पुढच्या तासाला तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत, तेही मी ऐकलं. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच आत येणाऱ्या विजेला उलटं रेटत असते. जितकी जोरात फिरेल तितकी जास्त रेटते. दाब कमी झाला की तिचा जोर कमी पडतो, पण पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. मग ती मंदावते, तिचं रेटणं कमी होतं आणि करंट आत घुसतो. तारा तापतात आणि जळतात. पुस्तकात हे सगळं आहे, सर. मीही शिकवत होते. माझ्या पोरांना ते समीकरण यायचं आणि त्यांची मोटर जळायची, ह्या दोन गोष्टींची गाठ पडली नव्हती एवढंच.

तिथून तुमचा भिंतीचा तास सुरू झाला. प्रयोगशाळेत मोटर मांडायची, मीटर लावायचे, पण चालू करायच्या आधी सगळ्यांनी उभं राहायचं. करंट वाढेल म्हणणारे खिडकीच्या भिंतीला, कमी होईल म्हणणारे कपाटाच्या भिंतीला. मग एकमेकांना पटवायचं, पटलं तर भिंत बदलायची. तोवर तुम्ही स्टुलावर गप्प बसून राहायचा. मला ते बघवत नसे. पोरं एकमेकांना धडधडीत चुकीचं सांगायची आणि शिक्षक समोर तोंड मिटून बसलेला. एकदा मी तुमच्या कानाशी येऊन म्हणाले, "चुकीचं शिकवतायत एकमेकांना. सांगा की आता."

"सांगतो की. त्यांचं चुकीचं आधी पुरं बोलून होऊ द्या."

मग बटण दाबलं जायचं. पट्ट्याचा ताण देऊन मोटरवर भार टाकलात की दाब कमी करताना करंट चढायचा, आणि खिडकीकडची पोरं ओरडायची. पट्टा सैल करून मोटर नुसतीच फिरवलीत की त्याच मोटरचा करंट उतरायचा, आणि कपाटाकडची ओरडायची. शेजारचे सर कटकट करायचे की तुमच्या लॅबमध्ये बाजार भरतो. मीही करायची. एका प्रश्नाला एक सबंध प्रॅक्टिकल. मी म्हणायची, "सर, तुमचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल." तुम्ही म्हणायचा, "आन् तुमचा पोर्शन म्हंजे एक ना धड भाराभर चिंध्या." शिपाई तुळशीरामसुद्धा म्हणायचा, चला, सुरू झालं ह्यांचं.

एक मात्र मी तुमच्यावर जिंकले होते, ते इथं लिहून ठेवते. चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला होता. पाणी तापवायचा रॉड आहे, दाब कमी झाला, तर त्यातून जाणाऱ्या करंटचं काय होईल? रॉडला ना फिरायचं असतं ना पाणी उचलायचं. ओहमचा नियम सरळ लागू होतो. तुमच्या भिंतीच्या तासाला बसलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी लिहिलं होतं, करंट वाढेल. कारण काय, तर दाब कमी झाला की करंट वाढतो, असं हावळे सरांनी शिकवलंय. मी तो गठ्ठा आणून तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही एक एक पेपर वाचत गेलात. तुमचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं तुम्ही वाद घालाल.

"म्हंजे म्या बी घोकंपट्टीच शिकवली व्हय," एवढंच म्हणालात.

मला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. दुसरं कुणी असतं तर पोरांना शिव्या घातल्या असत्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी घरून बादली आणि रॉड घेऊन आलात. पुन्हा त्याच भिंती. पुन्हा तोच बाजार. रॉडवर दाब कमी केलात, करंट उतरला, आणि लॅबच्या कोपऱ्यातून एक पोरगी म्हणाली, "व्हय की. दाब नसला की घरी अंघोळीचं पाणी तापतंच न्हाय लवकर." तिला ते रोज सकाळी दिसत होतं. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. त्या दिवसापासून तुम्ही शिकवून झालं की सांगायचा, "आता हे कुठं लागू न्हाय ते सांगा." ही सवय तुम्हाला माझ्या चाचणीनं लावली. शोकसभेत सांगावंसं वाटलं होतं, पण ते बढाई मारल्यासारखं झालं असतं.

तुमच्याइतकं कुणी माझं ऐकलं नाही, सर. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. आपल्याकडे असं तोंडावर बोलत नाहीत, आणि तुम्ही लगेच "काय काम हाय?" असं विचारलं असतंत. मी तुमच्या मुलीच्या वयाची, अनुभवानं कच्ची, बोलायला तिखट. तरी मी काही म्हणाले की तुम्ही ते घरी घेऊन जायचा. हे मला आत्ता तेराव्याला कळलं. तुमच्या गावी आले होते मी, भूमच्या एसटीनं. बायकांत काकूंजवळ बसले. काकू म्हणाल्या, "तुमचं नाव रोज निघायचं आमच्यात. आज बिराजदार मॅडम असं म्हनल्या, आज तसं म्हनल्या. जेवताना निम्मी भाकरी हातात आन् मला विचारायचे, तुला काय वाटतंय, कुनाचं बराबर? म्या म्हनायचे, मला त्यातलं काय कळतंय? तर म्हनायचे, मग जे कळतंय तेवढ्यावरून सांग."

मी हसले आणि मग मला रडू आवरेना. काकूंनीच पदर पुढे केला. नवरा त्यांचा गेला आणि डोळे माझे पुसत होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुट्टीला आले तवा गप गप व्हते. कालिजात काय झालतं का?"

झालं होतं. तुम्ही घरी सांगितलं नाहीत, म्हणजे तुम्हालाही ते लागलंच होतं.

वैष्णवीची गोष्ट. मागच्या वर्षी तुमच्या विषयाचा निकाल घसरला. शेवटचे दोन भाग शिकवायचे राहिले होते आणि पेपरमध्ये नेमकं त्यावरच जास्त आलं. आपलं गाव देवीचं, नवरात्रात तर वर्ग असून नसल्यासारखे. रस्त्यावर पायी चालत येणारे भाविक, एसटी कुठून कुठं वळवलेल्या, पुजाऱ्यांची मुलं देवळात कामाला. मी हे धरून आधीच घाई करते. तुम्ही कधीच केली नाहीत. बरीच पोरं नापास झाली, त्यात वैष्णवीचं वर्ष गेलं. भिंतीच्या तासाला सगळ्यांत जास्त भांडणारी पोरगी ती. ह्या वर्षी पुन्हा सेकंड इयरच्या बाकावर, लहान पोरांत येऊन बसली. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील आले.

ते गरीब स्वभावाचे गृहस्थ, उगाच आवाज चढवणारे नव्हेत. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "सर, पोरीला तुमचं शिकवनं लई आवडतंय. घरी आली की पंख्याचं, मिक्सरचं, कशाचं बी आमाला सांगत बसती. पर पास बी व्हायला पायजे की. पाव्हणेरावळे विचारत्यात, काय झालं पोरीचं. ह्या येळंला ऱ्हायली तर मी घरला नेनार. मग मला काय म्हनू नका."

तुम्ही त्यांना चहा पाजलात, बस स्टँडपर्यंत सोडायला गेलात. परत आल्यावर मी विषय काढला. मी म्हणाले, "सर, समजून नापास झालेल्या पोरीला कोण विचारणार?"

"आन् न समजता पास झालेल्याला?"

"विचारतात की. सगळे विचारतात. आपल्यालाही नोकऱ्या तशाच मिळाल्या."

खिडकीतून बाहेर डोंगराकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मॅडम, तुमचं बराबर का माझं, ते आता ही पोरगीच ठरवंल."

आणि मी म्हणाले, "मग तिच्या जिवावर प्रयोग करू नका. पोर्शन संपवा."

ते मी मागे घेत नाही, सर. आजही तेच म्हणेन. पोरगी घरी गेली तर तिच्या समजुतीचं लोणचं घालायचं का? तुम्ही सुट्टीहून याल आणि आपलं पुन्हा जुंपेल असं मी धरून चालले होते. काय काय बोलायचं ते येताजाता बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. आणि तुम्ही सुट्टीत शेतावर बांधावर बसल्या बसल्या गेलात. छातीत कळ आली म्हणे. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "असं कसं, आमचं बोलणं राहिलंय." फोनवरच्या माणसाला काही कळलं नसणार.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, वडील काय म्हणाले तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तुमची बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. एवढंच म्हणाल्या, "मग आता त्या पोरीचं कोन बघनार?"

म्हणून मी विभागप्रमुखांना हो म्हणाले, सर. दुसरं कुणी नव्हतं म्हणून नव्हे.

तुमच्या वर्गावर पहिल्यांदा गेले ते पक्कं ठरवून गेले. उरलेले तास मोजून पोर्शन वाटून घेतला होता. भिंती नाहीत, रॉड नाही, बादली नाही. सरळ फळा, सरळ आकृती, मागच्या पेपरांतले प्रश्न. वैष्णवीला पास करायचं, मग दोन खोल्या की चार ते तिचं तिनं बघावं. पोरं माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. तुमच्या टेबलावर कुणीतरी शेवंतीची फुलं ठेवली होती. ती मी उचलून खिडकीत ठेवली, कारण मला तिकडं बघून शिकवता आलं नसतं.

भाग होता एका फेजवर चालणाऱ्या मोटरचा. ती आपणहून सुरू का होत नाही, हा विद्यापीठाचा लाडका प्रश्न. मी फळ्यावर ओळी लिहीत गेले. एका फेजच्या विजेनं तयार होणारं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी वाढतं आणि कमी होतं. म्हणून मोटरला सुरुवातीचा जोर मिळत नाही. आता हे क्षेत्र म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारी दोन क्षेत्रं आहेत असं मानू. मग समीकरण, मग आकृती, मग निष्कर्ष. सगळं माझ्या सुरेख अक्षरात. फळा भरला. मी मागे वळले आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?"

माना हलल्या नाहीत, सर.

एवढी वर्षं शिकवतेय मी. "समजलं का" ह्याला "हो मॅडम" हे उत्तर असतं, हे मला श्वास घेण्याइतकं माहीत आहे. इथे पोरं एकमेकांकडे बघत होती. मला आधी वाटलं, तुमच्या दुःखात आहेत. मग वाटलं, माझ्यावर राग आहे. मग वैष्णवी उभी राहिली.

"न्हाय समजलं, मॅडम."

उद्धटपणा नव्हता त्यात. वही मागितल्यासारखं म्हणाली. मी म्हणाले, "काय नाही समजलं? सगळंच?"

"न्हाय. थांबा, दाखवते." असं म्हणून ती उठून फळ्यापाशी आली. माझ्या वर्गात कुणी असं फळ्यापाशी येत नाही. तिनं बोट ठेवलं दुसऱ्या ओळीवर. "हितपर्यंत समजलं. क्षेत्र फिरत न्हाय, जोर मिळत न्हाय. हे पटलं. पर पुढच्या ओळीत तुम्ही म्हनताय, दोन फिरनारी क्षेत्रं माना. जे फिरतच न्हाय, त्याची फिरनारी दोन कुठून आली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला समीकरण येत होतं. ते मी शेकडो वेळा लिहिलं आहे आणि ते बरोबर आहे. पण तिनं समीकरण विचारलंच नव्हतं. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मला ते मानून घेतलं तर जमतंय, पर चवथ्या ओळीला अडतंय." आणि त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझी तर दुसरीच कच्ची हाय. वाढतं-कमी होतं, तर मग जोर का न्हाय?" सगळा वर्ग बोलू लागला. कुणी पहिल्या ओळीवर होतं, कुणी तिसऱ्या. प्रत्येकाला आपण नेमके कुठवर आलोय आणि कुठं थांबलोय हे ठाऊक होतं. बोट ठेवून सांगता येत होतं.

सर, माझ्या पोरांना हे येत नाही. माझ्या पोरांना कुठला प्रश्न येणार ते सांगता येतं, उत्तर किती पानांचं लिहायचं ते सांगता येतं. आपल्याला काय कळलेलं नाही हे त्यांना निकालाच्या दिवसापर्यंत माहीत नसतं, आणि पास झाली तर कधीच माहीत होत नाही. तुम्ही ह्या पोरांना मशीन्स किती शिकवलंत ते परीक्षेत दिसेल, आणि फार काही दिसणार नाही अशी मला भीती आहे. पण हे तुम्ही शिकवलंत. निकालपत्रात ह्याचा रकाना नाही. मी दहा वेळा तुमच्या लॅबच्या दारात उभी राहून बाजार भरलाय म्हणून नाक मुरडलं, तेव्हा आत हे चाललं होतं.

वैष्णवी अजून फळ्यापाशीच उभी होती. मला उमरग्याच्या घरातला पंखा आठवला. त्याला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर गेला की तो नुसता गुरगुरायचा. आई काठीनं पातं ढकलायची, मग तो फिरायचा. उजवीकडे ढकललं तर उजवीकडे, आणि चुकून डावीकडे ढकललं तर तेवढ्याच जोरात डावीकडे. दोन्ही दिशा त्याच्यात आधीपासून होत्या, म्हणूनच तो जागचा हलत नव्हता. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आणि हे समीकरणही कॉलेजपासून मला पाठ आहे. ह्या दोघांना मी आयुष्यात कधी शेजारी बसवलं नव्हतं. मला वाटलं, धावत स्टाफरूममध्ये जाऊन तुम्हाला हे सांगावं. तुम्ही नव्हता.

पोर्शनचं काय करायचं, मला माहीत नाही. वैष्णवीचे वडील दिलेल्या शब्दाला पक्के आहेत, ती राहिली तर तिला नेणारच. मी रविवारी जादा तास ठेवले आहेत, पोरं येतायत, आणि तरीही सगळं पुरं होईल असं दिसत नाही. तुमचं बरोबर की माझं, हे अजून ठरलेलं नाही, आणि आता दोन्ही बाजूंनी मलाच भांडायचं आहे. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

पण त्या दिवशी तास संपायला थोडाच वेळ उरला होता. बाहेर पुढच्या तासाची पोरं गोळा झाली होती. वैष्णवी म्हणाली, "मॅडम, वेळ न्हाय का? मग राहू द्या, मी पाठ करते." ती बाकाकडे जायला निघाली. मी तिला थांब म्हणाले, डस्टर उचललं आणि तिनं बोट ठेवलेल्या ओळीच्या खालचं सगळं पुसून टाकलं.